कडेची शिवण

गिऱ्हाईक दुकानात आलं की टाकेमास्तर आधी त्यालाच कामाला लावायचे. शिवलेल्या सीट कव्हरचा एक तुकडा त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ओढा." माणूस आपला भिडेखातर जरासा ओढायचा. "अहो, ओढा म्हणजे ओढा! सकाळपासून जेवला नाहीत का?" मग तो चिडायचा, दातओठ खाऊन दोन्ही हातांनी ओढायचा, तोंड लालबुंद व्हायचं, पण शिवण जागची हलायची नाही. मास्तर तुकडा काढून घ्यायचे, मांडीवर झटकायचे आणि म्हणायचे, "गाडी भंगारात जाईल, पण ही उसवायची नाही. बोला, रंग कुठला?"

टाकेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नसतं. गाड्यांच्या सामानाच्या रांगेत त्यांचा गाळा होता. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला काचांना काळी फिल्म लावणारा. गाळ्यात रेक्झिनच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या, पायाखाली फोमचा भुगा, आणि मधोमध जाड कापडाचं मशीन. तरुणपणी ते सोफे शिवायचे, मग बसच्या सीटा शिवायला लागले, आणि घरोघर गाड्या आल्यावर गाड्यांची कव्हरं. हात असा बसलेला की डोळे मिटून सरळ टीप मारतील. स्वभाव म्हणाल तर सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, त्यातला. दुसऱ्यानं शिवलेलं कव्हर दिसलं की नाक मुरडलंच म्हणून समजा. शेजारच्या फिल्मवाल्यानं एकदा स्वतःची गाडी दुसरीकडे शिवून आणली, तर मास्तर वर्षभर त्याच्याशी फक्त खोकून बोलायचे.

आता त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नव्या गाड्यांमध्ये एअरबॅग नुसती स्टिअरिंगमध्ये नसते. सीटच्या पाठीच्या कडेला, दाराच्या बाजूला, फोमच्या आतसुद्धा एक घडी घालून बसवलेली असते. कुणी गाडीच्या कुशीत धडक दिली की ती सीटची कड फाडून बाहेर येते आणि माणूस आणि दार यांच्या मध्ये फुगून उभी राहते. म्हणून सीटची तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. वरून कव्हर घालायचं तर त्याचीही कड मोकळी ठेवायची, नाहीतर तिथं झटक्यासरशी तुटेल असा दोरा वापरायचा. दोऱ्यांच्या व्यापाऱ्यानं मास्तरांना तसलं रीळ आणून दाखवलं होतं. मास्तरांनी हातभर दोरा काढला, कट्‌कन तोडला आणि रीळ त्याच्या अंगावर परत फेकलं.

"फाटायला ठेवलेली शिवण? अहो, असल्या दोऱ्यानं मी शर्टाचं बटणसुद्धा लावणार नाही!"

"मास्तर, त्याला कारण आहे," व्यापारी म्हणाला. "आत एअरबॅग असते."

"असेल. ती तिच्या जागी आणि माझी शिवण माझ्या जागी. चार महिन्यांत कड उसवली की गिऱ्हाईक एअरबॅगला शिव्या देत नाही, मला देतं."

आणि एकटे मास्तरच असे होते असं समजू नका. अख्ख्या रांगेत ते रीळ कुणीच घेतलं नाही. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लिहिलेली एक छोटी कापडी पट्टी शिवलेली असते, ती सगळेच कात्रीनं उडवायचे. का, तर कव्हरखाली तिचा उंचवटा दिसतो. गिऱ्हाइकांपैकीही कुणी म्हणून कुणी कधी विचारलं नाही. फुगवटा नको, सुरकुती नको, सीट कशी नव्या नवरीसारखी दिसली पाहिजे! दिसण्यापुढे कोणाला काय पडलेली असते?

मास्तरांना एकुलती एक लेक. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. हळू बोलणारा, मऊ स्वभावाचा, आणि जपणारा तर इतका की गरम चहासुद्धा आधी नाकाजवळ नेऊन बघायचा. मास्तर त्याची फार टिंगल करायचे. गाडीत बसला की हा आधी स्वतःचा बेल्ट लावणार, मग बायकोचा बघणार, मग मागे वाकून पोरीचा ओढून बघणार. पोरगी म्हणजे ठकी, मास्तरांची नात, शाळेत नुकती जायला लागलेली. "जावईबापू, बाजारात निघालात की चंद्रावर?" मास्तर म्हणायचे. बेल्ट न लावता गाडीचं टुकटुक बंद करायची एक क्लिप रांगेत सगळीकडे विकायला असायची, मास्तरांच्याही गाळ्यात टांगलेली होती. त्यांनी जावयाला ती फुकट देऊ केली. जावई हसला आणि क्लिप होती तिथेच परत टांगून आला.

लेकीनं आणि जावयानं नवी गाडी घेतली तेव्हा मास्तरांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी जाहीर केलं, कव्हर माझ्याकडून. बापाकडून. सगळ्यात भारी रेक्झिन काढलं, तपकिरी, आणि कडेनं क्रीम रंगाच्या पायपिंगची किनार. जावई गाडी लावायला एकटाच गाळ्यावर आला होता. मास्तरांची बायको डबा घेऊन आली होती, ती कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. जावई थोडा वेळ घुटमळला, मग म्हणाला, "मामा, एक विचारू का? ड्रायव्हरच्या बाजूला सीटमध्ये एअरबॅग आहे. पुस्तकात लिहिलंय की कड झाकू नका. तेवढी कड मोकळी ठेवता येईल का?"

मास्तर मशीनवरून उठलेच. "आता तुम्ही मला सीट शिवायला शिकवणार? मी तुम्हाला काच बसवायला शिकवतो का?"

"तसं नाही हो मामा..."

"लेकीच्या गाडीत मी भगदाड ठेवू? चार लोक काय म्हणतील? सासरा कव्हर शिवतो आणि जावयाच्या गाडीला भोक!" आणि खो खो हसले.

जावई ओशाळला. "नाही, आपलं सहज विचारलं," म्हणाला, आणि किल्ली मशीनवर ठेवून निघून गेला. मग मास्तरांनी काय करावं? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चढता-उतरताना जास्त घासते, म्हणून तिथं नायलॉनचा दोरा घातला आणि दुहेरी टीप मारली. इतर कुणाच्याही गाडीला इतकं मन लावून शिवलं नव्हतं. प्रेमानं शिवलं हो, खोटं कशाला बोला.

अपघात झाला तो भर सकाळी, ओळखीच्या चौकात. गाडी जावई चालवत होता, आणि सिग्नल तोडून आलेला माल भरलेला टेम्पो थेट ड्रायव्हरच्या दारात घुसला. ठकीला खरचटलंसुद्धा नाही. लेकीचा हात मोडला. जावयाच्या बरगड्या आत घुसल्या, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बेल्ट लावलेला होता. सगळं जिथल्या तिथं लावलेलं होतं. कुशीतली एअरबॅग मात्र उघडलीच नव्हती.

मग काय, मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. जावयाचा थोरला भाऊ, म्हणजे लेकीचा दीर, गाडीच्या कंपनीवर दावा लावायचं म्हणत होता, पण मास्तरांनी त्याच्याही वरताण केली. गाडी जिथून घेतली त्या शोरूममध्ये जाऊन टेबलावर मुठी आपटल्या. "माणसं मारायचा कारखाना काढलाय का? फुगा म्हणून आत काय भरलंत, चिंध्या?" तिथला मॅनेजर पाणी द्यायला लागला तर पेला उडवून दिला. गाळ्यात गिऱ्हाइकाला कव्हराचा रंग दाखवतानासुद्धा कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू. लेकीजवळ बसले की तिचा चांगला हात धरायचे आणि म्हणायचे, "रडू नको बाळा. त्यांना नाक घासत इथं आणीन."

"सोडू नका बाबा त्यांना," लेक म्हणायची. तिचं रडणंही त्या रागानं थांबायचं. बायको तेवढी गप्प असायची. एकदा फक्त म्हणाली, "आवाज जरा खाली ठेवा." मास्तर तिच्यावरच डाफरले.

मोडलेली गाडी पोलिसांच्या आवारात भिंतीकडेला उभी होती. दोन्ही बाजूंना चालतील अशा एक तपासनीस बाई ठरल्या. तपासणीला सगळे हजर. दीर होता, मास्तर आणि बायको होती, कंपनीचा माणूस होता, आणि नको नको म्हणत असताना लेकही प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून आली होती. बाईंनी दार निखळून बाजूला काढायला लावलं. तपकिरी कव्हरावर वाळलेले डाग होते. लेकीनं मान फिरवली. बाई सीटच्या कडेला बोटांनी चाचपत राहिल्या, मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि शिवणीत घालायला गेल्या. ब्लेड घसरलं. पुन्हा घातलं, पुन्हा घसरलं.

"फारच पक्कं शिवलंय," त्या आपल्याशीच म्हणाल्या.

आणि मास्तर बोलून गेले. हो, बोलूनच गेले. सगळी हयात ज्या तोंडाची तेच बोलण्यात गेली, ते तोंड ऐकतंय थोडंच! "नाही उसवणार ते बाई. नायलॉन आहे. दुहेरी टीप आहे."

बाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मग मोठा कटर मागवला आणि कडेनं सरळ कापत नेलं. कव्हर बाजूला केलं. आत सीटचं मूळ कापड कडेला उभं फाटलेलं होतं, अगदी जिथं फाटायला हवं तिथंच, आणि त्यातून एअरबॅग अर्धी बाहेर आलेली. फोम आणि रेक्झिन यांच्या मध्ये चुरगळून बसली होती. बाईंनी ती हातानं ओढून मोकळी केली.

"कंपनीची बॅग सुटली होती," त्या म्हणाल्या. "तिला बाहेर यायला वाट मिळाली नाही. हे कव्हर कोणी शिवलं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दीर त्यांच्याकडे बघत होता, कंपनीचा माणूस बुटाकडे बघत होता. उत्तर द्यायची गरजच नव्हती, मघाशी ते स्वतःच देऊन बसले होते. तेवढ्यात लेक जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं? कड झाकायची नसते हे?"

"नाही गं," मास्तर म्हणाले.

तिनं मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच," म्हणाली, आणि चांगल्या हातानं त्यांचा दंड घट्ट धरला. तसाच धरून त्यांना फाटकापर्यंत घेऊन आली. मास्तरांना वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

घरी आल्यावर बायकोनं दार लावून घेतलं. ती त्या दिवशी स्टुलावर होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मास्तरांना वाटलं, आता ही तोंडात मारणार, आणि मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. ती म्हणाली, "नाही म्हणालात ते बरं केलंत. आता आयुष्यभर तेच म्हणा. तिचा नवरा गेलाय. बाप तरी राहू दे तिला."

"मला गिळवत नाहीये गं."

"मग नका गिळू. पण ओकू पण नका."

मास्तर गाळ्यावर जाऊन बसले. रांगेतल्या जुन्या गिऱ्हाइकांना गाठून म्हणायला लागले, गाडी आणा, कडेची शिवण सोडून देतो. लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवायचे. "मास्तर, झालं ते वाईट झालं, पण कव्हर एकदम झकास बसलंय, उगाच कशाला हात लावताय?" एकानं तर, एकवेळ माझ्या अंगाला हात लावा पण गाडीला लावू देणार नाही, असं म्हणून गाडीच पुढे काढली. टायरवाला म्हणाला, "धंद्याच्या मुळावर येऊ नका. आम्हाला पण पोटं आहेत." दुःखानं मास्तरांचं डोकं फिरलंय, असं रांगेत ठरून गेलं.

तिकडे दिराचा सगळा राग कंपनीवरून उठून मास्तरांवर येऊन बसला होता, आणि घर तर दोघा भावांचं एकत्रच. त्यानं लेकीला सांगितलं, तू आणि पोरगी इथं सुखानं राहा, पण तुझ्या बापानं या घराची पायरी चढायची नाही. लेक हट्टाला पेटली. म्हणाली, बाबांना इथं समोर बसवते, त्यांच्या तोंडून ऐका, आणि तरी नाही पटलं तर मी ठकीला घेऊन त्यांच्याकडे जाते. तिनं आईबापांना बोलावून घेतलं. बायकोनं रिक्षात मास्तरांना एकच सांगितलं, "लेक घरी आणायची आहे. लक्षात ठेवा."

दीर पुढच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. बसा म्हणाला नाही. मास्तर खुर्चीच्या काठावर टेकले, बायको दाराशीच उभी राहिली. ठकी जमिनीवर बसून खडूनं फरशीवर रेघोट्या ओढत होती.

"चोराच्या उलट्या बोंबा," दीर म्हणाला. "माझ्या भावाला मारून हा माणूस शोरूममध्ये टेबलं बडवत होता!"

"भाऊजी, तोंड सांभाळा," लेक म्हणाली. "बाबांना माहीत नव्हतं."

"उभा जन्म सीटा शिवण्यात गेला, आणि माहीत नव्हतं? मी काय दूधखुळा आहे?"

"त्यांनी मला सांगितलंय."

"सांगितलं म्हणे! काय सांगणार दुसरं?"

लेकीचा आवाज चढला. तिनं ठकीला दंडाला धरून उठवलं, आपल्या पुढ्यात ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "या लेकराची शपथ घेऊन सांगते, भाऊजी, माझ्या बाबांना..."

"हात काढ," मास्तर म्हणाले.

ते कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी लेकीचा हात मनगटाला धरून पोरीच्या डोक्यावरून उचलला. बायको दाराशी "अहो" म्हणाली.

"तिची शपथ घेऊ नकोस. खोटी पडेल," मास्तर म्हणाले. "मला माहीत होतं. दोरेवाल्यानं सांगितलं होतं. आणि जावयांनी विचारलं होतं मला, गाडी लावायला आले तेव्हा. मामा, कड मोकळी ठेवता येईल का, म्हणून. मी हसलो त्यांना."

लेकीनं आधी आईकडे बघितलं, आईनं पदर तोंडाला लावला, आणि लेकीला तेवढ्यावरून काय ते कळलं. ती मास्तरांच्या हातातून आपलं मनगट सोडवत नव्हती. विसरलीच होती बहुतेक.

"त्यानं विचारलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, विचारलंच नसेल. तो भिडस्त."

"विचारलं होतं गं."

"घरी मला म्हणत होता तो, कव्हर नकोच घालूया, कड झाकली जाते. मीच म्हटलं, घालू दे रे, बाबांना वाईट वाटेल." ती सरळ मास्तरांच्या डोळ्यांत बघत होती. "रोज मी स्वतःला समजावत होते, बाबांनासुद्धा माहीत नव्हतं, मग मला कुठून कळणार होतं? आता काय समजावू, बाबा?"

तिनं मनगट सोडवून घेतलं, ठकीच्या हातातला खडू काढून टेबलावर ठेवला आणि तिला घेऊन आतल्या खोलीत निघून गेली. दीर उठला, त्यानं बाहेरचं दार उघडलं, आणि मास्तर आणि त्यांची बायको बाहेर पडेपर्यंत तो ते धरून उभा राहिला.